मृत्युपत्र लिहा, आणि मुलांना सांगाही

संपादक महोदय,

आधुनिक सिंगापूरचे शिल्पकार ली क्वान यू यांच्या ३८, ऑक्सले रोड या घराचा वाद वाचताना आमचा उत्तर कसब्यातला वाडा आठवला. आपल्या पश्चात, किंवा मुलगी तिथून बाहेर पडल्यावर घर पाडावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. २०१५ मध्ये ते गेले. २०१७ मध्ये धाकट्या दोघा भावंडांनी पंतप्रधान असलेल्या थोरल्या भावावर सत्तेच्या गैरवापराचा जाहीर आरोप केला. त्याने तो संसदेत फेटाळला. बहीण २०२४ मध्ये वारली. भांडण मिटले नाही ते नाहीच.

माझ्या वडिलांनी तर काहीच लिहिले नव्हते. दोन साक्षीदारांसमोर सही पुरते, नोंदणीही सक्तीची नाही, तरी ‘बघू पुढे’ म्हणत राहिले. लहानपणी संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक एका ओट्यावरून पाहणारे आम्ही चौघे आज कोर्टाच्या तारखेलाच भेटतो. आईची तुळस कुलपाआड वाळून गेली, ते मनाला सर्वांत जास्त लागते.

विधी सेवा प्राधिकरणाने पेठापेठांत मृत्युपत्राची शिबिरे घ्यावीत, आणि तिथे वडीलधाऱ्यांसोबत मुलामुलींनाही बसवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर