परदेशी सेवेचे पहिले तीन महिने शिकण्यासाठी हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठी स्वयंसेवकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. मुंबईतील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवरही चार आठवड्यांची परदेशी सेवा आणि सोबत प्रमाणपत्र देऊ करणाऱ्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. परक्या देशातील लोकांसाठी काही करावे असे आपल्या मुलामुलींना वाटते, याचा मला मनापासून आनंद आहे. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी टांझानियातील एका ग्रामीण दवाखान्यात स्वयंसेविका होते. त्या अनुभवावरून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की नव्या देशात गेलेल्या स्वयंसेवकाचे पहिले तीन महिने केवळ शिकण्यासाठी राखून ठेवावेत आणि त्यांचा खर्च पाठवणाऱ्या संस्थेने उचलावा.

शिकायचे किती असते, हे तिथे गेल्यावरच उमगते. स्वाहिली भाषक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. दवाखाना दोन वाजता उघडतो असे कोणी सांगितले, तर तो सकाळी आठलाच उघडलेला असतो. लसीकरणाच्या दिवशी आंब्याच्या फांदीला तराजू टांगून बाळांची वजने घेतात, आकडा आईजवळच्या कार्डावर चढतो आणि मग तीच परिचारिका तो ‘म्तुहा’ या सरकारी नोंदपद्धतीच्या जाडजूड वहीत हाताने उतरवते. नव्याने आलेल्या स्वयंसेवकाला हे सारे वेळखाऊ वाटते आणि तो आठवडाभरात संगणकावर तक्ते तयार करतो. परंतु जिल्हा कचेरीला वह्यांवरूनच अहवाल पाठवायचा असल्यामुळे त्या बाईंचे काम दुप्पट होते, आणि तो परतला की ते तक्ते कोणी उघडतही नाही. त्याच्या हेतूत खोट नसते. महिनाभर त्याला बाईंच्या शेजारी बसू दिले असते, तर महिनाअखेरीच्या बेरजांना एक माणूस कमी पडतो, ही खरी अडचण त्याला आपोआप दिसली असती.

अनुभवी संस्था हे जाणतात. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतातही काम करत होते, ही संस्था साधारण २७ महिन्यांपैकी पहिले सुमारे ३ महिने प्रशिक्षणाला देते आणि स्थानिक कुटुंबात ठेवून भाषा शिकवते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम अर्जदाराकडून शुल्क घेत नाही, उलट निर्वाह भत्ता देतो. चार आठवड्यांच्या योजना मात्र विद्यार्थ्याकडूनच भरभक्कम रक्कम घेतात आणि त्याला भाषा न शिकवताच वर्गावर किंवा अनाथालयात उभे करतात. अनाथालयांचा प्रश्न तर फारच गंभीर आहे. नेपाळमधील अशा संस्थांतील बहुतेक मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असल्याचे युनिसेफने निदर्शनास आणले आहे. पैसे देणारे पाहुणे येत राहिले, की मुलांना घरापासून दूर ठेवण्यात कोणाचे तरी हित तयार होते.

म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की अशी जाहिरात फलकावर लावण्यापूर्वी त्यांनी संस्थेकडे लेखी विचारणा करावी. या स्वयंसेवकाची मागणी तिथल्या कोणत्या कार्यालयाने केली, त्याच्या कामावर देखरेख कोणाची, विमा कोण उतरवणार आणि भाषा कोण शिकवणार, याची उत्तरे मिळाली नाहीत तर फलक रिकामा राहिलेला बरा. पालकांनीही हेच विचारावे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, एवढी साधी माहितीही अनेकांना ऐन वेळी कळते.

मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आफ्रिकी अभ्यासाचे केंद्र आहे. तिथे स्वाहिलीचा आणि पूर्व आफ्रिकेतील आरोग्य व शिक्षण व्यवस्थेच्या ओळखीचा अल्प मुदतीचा वर्ग सुरू करता येईल. विद्यापीठाने तो सुरू केल्यास तिकडे काम करून आलेली माझ्यासारखी निवृत्त माणसे विनामूल्य शिकवायला तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मुलुंड (पूर्व), मुंबई