ऐतिहासिक कादंबरीतलं प्रेम आणि साहस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रेम आणि साहस यांनी भरलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणजे इतिहासाची मोडतोड, असा सूर आपल्या पुरवणीतल्या एका लेखात होता. या कादंबऱ्यांचा फडशा पाडणाऱ्या वाचकांपैकी मी एक आहे. लेखातली निम्मी तक्रार मला मान्य आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे असं वाटतं.

माझ्या मते या प्रकारातलं प्रेम आणि साहस त्या काळाच्या अडचणींतूनच जन्माला येतं. इंग्लंडचंच बघा. तिथे 1754 साली नवा विवाह कायदा अमलात आला आणि एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींचं लग्न आईवडिलांना अडवता येऊ लागलं. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे मुलगी बारा आणि मुलगा चौदा वर्षांचा असला आणि दोघांनी साक्षीदारांसमोर आपण पती-पत्नी असल्याचं सांगितलं, की लग्न झालं! साहजिकच सीमेलगतचं ग्रेटना ग्रीन हे गाव पळून आलेल्या जोडप्यांसाठी प्रसिद्ध झालं. लंडनहून तिथे जायचं म्हणजे घोडागाडीने सुमारे पाचशे किलोमीटर, तेही वाटेत ठिकठिकाणी घोडे बदलत. पुढच्या सराईतले सगळे ताजे घोडे जोडप्याने भाड्याने उचलले, तर मागून येणाऱ्या बापाला दमलेल्या घोड्यांवरच भागवावं लागणार. पाठलाग, प्रेम, कायदा आणि वर्गभेद एकाच रस्त्यावर! कादंबरीकाराने आणखी काय मागावं? पुढे 1856 मध्ये दोघांपैकी एकाने तरी आधी एकवीस दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेलं असावं असा नियम आला आणि या धावपळीतली गंमतच गेली. 1870 साली घडणाऱ्या गोष्टीत कुणी रातोरात ग्रेटनाला पळून लगेच लग्न लावलं, तर मी पुस्तक तिथेच मिटतो.

पत्रांचंही तसंच. सुएझ कालवा होण्याआधी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला इंग्लंडहून हिंदुस्थानात पोचायला पाच-सहा महिने सहज लागत. म्हणजे रागाच्या भरात लिहिलेल्या पत्राचं उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष उलटायचं. तेवढ्यात माणूस मेलेला असू शकतो, किंवा त्याचं दुसरीकडे लग्न झालेलं असू शकतं. लढाईतसुद्धा ठासणीच्या बंदुकीतून सराईत शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी, आणि दारू ओली झाली की तेही नाही. म्हणून तलवार उपसावी लागे. ज्या कादंबरीत नायक धडाधड गोळ्या झाडतो आणि नायिका आजच्या मुलीसारखी बिनधास्त एकटी हिंडते, तिथे इतिहास नुसता कपडेपटात उरतो. आपल्या पुरवणीतल्या त्या लेखाच्या लेखकाला राग यायला हवा होता तो अशा पुस्तकांचा.

तारखांची थोडी ओढाताण मात्र मी खपवून घेतो. ड्यूमा या फ्रेंच लेखकाच्या 'थ्री मस्केटियर्स' या कादंबरीचा नायक दार्तान्यां हा खराखुरा सैनिक होता. 1673 मध्ये मास्ट्रिक्टच्या वेढ्यात तो मारला गेला. त्याचा जन्म 1611च्या सुमारास झाला असं धरलं, तर कादंबरी सुरू होते त्या 1625 साली तो जेमतेम चौदा वर्षांचा असणार. ड्यूमाने त्याला सरळ अठराचा केला. चौदा वर्षांच्या पोराने द्वंद्वयुद्धं आणि प्रेमप्रकरणं कशी निभावली असती, हा प्रश्नच आहे! ही लबाडी गोष्टीच्या सोयीची आहे आणि तिने त्या काळाचं चित्र बिघडत नाही.

मात्र वाचकाला हे कळायला हवं. काही लेखक शेवटी दोन-तीन पानांत सांगतात, की अमुक माणूस खरा, तमुक प्रसंग रचलेला, ही तारीख मागे ओढली. ती पानं मी गोष्टीइतक्याच चवीने वाचतो आणि अनेकदा तिथूनच खऱ्या इतिहासाच्या पुस्तकाकडे वळतो. अनुवादित आवृत्त्यांत मात्र हीच टीप गाळलेली असते, बहुधा पानं वाचवायला. प्रकाशकांनी ती गाळू नये. आणि आपल्या पुरवणीत अशा कादंबऱ्यांचं परीक्षण येईल तेव्हा, लेखकाची टीप आहे की नाही एवढं परीक्षकांनी एका ओळीत नोंदवलं, तर पुस्तक विकत घ्यायचं की नाही हे ठरवणं आम्हाला सोपं जाईल.

आपला,
एक नियमित वाचक