रणगाडा जीडीपीत कुठे बसतो?

महोदय,

संरक्षणखर्च वाढला की विकासदर वाढतोच, असे ठासून सांगणारे एक पत्र आणि हा सगळा पैसा पाण्यात जातो म्हणणारे त्यावरचे उत्तर, दोन्ही आपल्या अंकांत वाचली. तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले असल्याने गप्प बसवेना.

'बंदुका की लोणी' हा वक्र, म्हणजे शस्त्रे जास्त बनवली तर रोजच्या गरजेच्या वस्तू किती कमी होतात हे दाखवणारी रेषा, मी दरवर्षी फळ्यावर काढत असे. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, रणगाडा नुसता उभा राहिला तरी जीडीपी वाढतो का?" वर्ग हसला. मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र बिनतोड होता.

राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाचा जीडीपी मोजण्याच्या नियमांच्या, १९९३ च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत रणगाडा त्याच वर्षी संपणाऱ्या चालू खर्चात धरत. २००८ च्या पद्धतीने तो गुंतवणुकीत नेला. सरकारी सेवांचे मूल्य त्यांच्या खर्चावरून काढतात, त्यामुळे आता रणगाड्याचा घसाराही (झिजून दरवर्षी घटणारी किंमत) दरवर्षी जीडीपीत मिळवला जातो. तो गंजतो आणि आकडा फुगतो! (तोफगोळे साठ्यात धरतात, डागले की साठ्यातून वजा.) रणगाडा परदेशातून आणला, तर गुंतवणुकीत अधिक आणि आयातीत तेवढेच उणे. मजुरी मात्र रणगाडा विकणाऱ्या देशातल्या कामगाराला मिळते.

खर्चाने अर्थव्यवस्था हलते, हे खोटे नाही. दुसऱ्या महायुद्धाचेच घ्या: अमेरिकेत १९३९ मध्ये सुमारे १७ टक्के बेकारी होती, १९४४ मध्ये जेमतेम सव्वा टक्का. पण तिथे हात आणि कारखाने आधीच रिकामे पडले होते, आणि लाखो तरुण सैन्यात भरती झाले होते. शिवाय १९४२ पासून युद्ध संपत येईपर्यंत खासगी मोटारी बनवणे बंद होते, साखर आणि पेट्रोल रेशनवर. उत्पादन वाढले, घरात आले नाही. सगळे हात आधीच कामात असतील, तर तोफांसाठी लोखंड आणि इंजिनियर दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्यावे लागतात.

विकसनशील देशांत लष्करी खर्च आणि विकास जोडीने वाढताना दिसतात, असे अर्थतज्ज्ञ एमिल बेन्वा यांनी १९७३ मध्ये मांडले आणि मोठा वाद झाला. जोडीने वाढणे म्हणजे एकामुळे दुसरे वाढणे नव्हे. ज्याची कमाई वाढते तोही जास्त खर्च करतो. दक्षिण कोरिया भरपूर लष्करी खर्च करत झपाट्याने वाढला. जपानने १९७६ मध्ये या खर्चाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याची मर्यादा घातली, तोही वाढतच राहिला. आता यातून काय सिद्ध करणार?

इंटरनेटचा दाखला हमखास दिला जातो. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले १९६९ चे आर्पानेट हे संगणकांचे जाळे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांतून उभे राहिले, हे खरे. पण तो पैसा संशोधनाचा होता, पगार-पेन्शनचा किंवा दारूगोळ्याचा नव्हे.

सुरक्षितता नसेल तर कारखाने कोण काढणार, हे मलाही कळते. माझी तक्रार आकड्याच्या मांडणीविषयी आहे. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च सुमारे २.७ लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक जीडीपीच्या अडीच टक्के, असे जगाच्या लष्करी खर्चाची नोंद ठेवणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेने सांगितले. या टक्क्यावरून विकासाचे काहीच कळत नाही. तेव्हा यापुढे अशी बातमी देताना पगार-पेन्शन किती, देशातली खरेदी किती, आयात किती, संशोधन किती आणि पैसा करातून आला की कर्जातून, एवढी चौकट शेजारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक