चपलांच्या पिशवीबद्दल, ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मंगळवारी तुम्ही गेल्यावर माझ्या खोलीतल्या मास्तरांनी सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून तुमच्या जागी दुसरं कुणी येणार. ज्या प्रकल्पातून तुम्ही दर मंगळवारी आम्हा चौघांकडे येता, त्याची मुदत संपली म्हणे. तुम्ही स्वतः काही बोलला नाहीत. निघताना नेहमीपेक्षा जास्त वेळ दारात उभ्या होतात, ते आता ध्यानात येतंय. समोर उभं राहून मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितोय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते चार माणसांना कळायला हवं.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या या खोलीतली माझी पहिली रात्र. चार माणसांचे चार पलंग, डोक्यावर पंखा, मोरीत भरलेलं पिंप. मला पलंगावर झोप येईना. शेवटी उशी घेऊन खाली फरशीवर उतरलो, दाराला पाठ लावली, चपला उशीवर डोक्याखाली घेतल्या आणि झोपलो. दादरला फुलबाजाराजवळ सहा वर्षं असाच झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला फुलांचे टेम्पो यायला लागले की उठायचं, तोवर चपला डोक्याखाली. ज्यानं रस्त्यावर दिवस काढलेत त्यालाच कळेल. चप्पल गेली की त्या दिवसाची मजुरी गेली. अनवाणी माणसाला केटरर भांडी घासायलासुद्धा घेत नाही, मुकादम आधी पायांकडे बघतो. सहा वर्षांत माझे पाच जोड चोरीला गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा नव्या उशीवर चपलांच्या चिखलाचे डाग होते. बाकी तिघांच्या चपला दाराबाहेर ओळीने होत्या, माझ्या उशीवर. दुसरं कुणी म्हणालं असतं, 'काका, आता इथे कोण नेणार तुमच्या चपला?' ते खोटंही नव्हतं. तुम्ही बघितलंत, काही बोलला नाहीत, मास्तरांच्या गोळ्यांचं विचारत बसलात. पुढच्या मंगळवारी पर्समधून एक पिशवी काढून माझ्या हातात दिलीत. जुन्या निळ्या साडीची, हाताने शिवलेली, तोंडाला नाडी. म्हणालात, 'काका, यात घालून ठेवत जा, म्हणजे उशी मळणार नाही.'

एवढंच. त्यावर ना भाषण, ना समजूत.

आठ महिने मी चपला त्या पिशवीत घालून उशाशी ठेवल्या. अजून किती दिवस, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मग जुलैतल्या एका रात्री चपला भिजल्या होत्या म्हणून दाराबाहेर निथळत ठेवल्या आणि आत घ्यायच्या विसरलो. सकाळी बघतो तर मास्तरांच्या चपलांशेजारी तशाच पडलेल्या. मी उंबऱ्यावर बसून किती वेळ बघत राहिलो देव जाणे. मास्तर चहा घेऊन आले, त्यांनीही काही विचारलं नाही, शेजारी बसले.

याआधी मदत करणारं कुणी भेटलंच नाही असं नाही. पण मदतीच्या आधी परीक्षा असायची. एका ठिकाणी सांगितलं, दारू सुटली की या. मी प्यायचो, लपवत नाही. बायको गेली, छापखाना बंद पडला, सख्ख्या भावाने खोलीचं कुलूप बदललं, आणि मग मी प्यायला लागलो. रस्त्यावर झोपून दारू सोडून दाखवा, असं सांगणाऱ्याने एक रात्र तिथे काढावी आणि मग सांगावं. दुसऱ्या एका निवाऱ्यात रात्री जागा मिळायची, पण सकाळी सहाला दिवे लावून सगळ्यांना सामानासकट बाहेर. ताप असला तरी बाहेर. तिथल्या माणसाने मला दोन महिन्यांत एकदाही नावाने हाक मारली नाही. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही.

मी जुळारी होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. गिरगावातल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो. १९८५ साली पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हा त्याबद्दलचं एक मराठी पत्रक मी माझ्या हाताने जुळवलं होतं. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, हे वाक्य मी एकेक अक्षर उचलून ओळीत बसवलं. पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत कुणाच्या झोपड्या उठवू नका, हेही त्यात होतं. मी एकवीस वर्षांचा होतो. पदपथ म्हणजे मला परक्यांचा विषय वाटला. शुद्धलेखन तपासलं आणि घरी गेलो.

२०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांहून जास्त बेघर मोजले गेले. तेव्हा मला घर होतं, मी त्यांत नव्हतो. त्याच्या आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की शहरात दर एक लाख लोकवस्तीमागे बेघरांसाठी एक निवारा हवा, बारा महिने चोवीस तास उघडा. म्हणजे सव्वा कोटींच्या या शहराला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. सरकारच्या नियमांत निवाऱ्यात दर माणशी ५० चौरस फूट जागाही लिहिलेली आहे. ५० चौरस फूट म्हणजे केवढं, ते मी आमच्या खोलीत पावलांनी मोजून बघितलं. एक पलंग, एक ट्रंक आणि पाय मोकळे करायला वाव. माणूस मावतो त्यात. पण तिथे तो टिकायचा तर आठवड्यातून एकदा तरी त्याची वाट बघणारं कुणी लागतं, आणि त्याचा हिशेब चौरस फुटांत कुठून येणार?

मी पळून गेलो होतो ते आठवतं ना? गणपतीत, नऊ दिवस. पुन्हा दादर, पुन्हा तेच. मला खात्री होती की पलंग दुसऱ्याला दिला असेल. परत आलो तर चादर बदललेली होती आणि पिशवी उशाशी होती. तुम्ही एवढंच विचारलंत, 'जेवलात का?' त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे यायला तयार झालो.

इमारतीतल्या लोकांबद्दलही लिहायला हवं. सुरुवातीला जिन्यात आम्ही दिसलो की दारं लागायची. सोसायटीच्या सभेत 'वेडे लोक इथे नकोत' असं एक जण उघड बोलले. त्यांच्याशी तुम्ही भांडला नाहीत, त्यांना चहाला बोलावलंत. मास्तरांनी केलेला चहा त्यांनी प्यायला. पुढे तेच गृहस्थ मंडळाच्या अहवालाचं प्रूफ घेऊन माझ्याकडे आले. सोळा पानांत एकेचाळीस चुका काढून दिल्या. या होळीला त्यांच्या घरून पुरणपोळ्या आल्या, चौघांना दोन-दोन, वर तुपाची वाटी. या शहरात चांगुलपणा आहे, ताई, मी उगीच म्हणत नाही. कुणीतरी आधी दार उघडं ठेवावं लागतं. ते तुम्ही ठेवलंत.

मास्तरांची तर वेगळीच कथा. बरे होऊनही कितीतरी वर्षं रुग्णालयातच राहिले, कारण घरून न्यायला कुणी आलं नाही. तुम्ही २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा घेऊन आलात आणि कलम १९ आम्हाला मराठीत समजावून सांगितलंत. घरच्यांनी नाकारलं किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. मास्तरांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग मला कागदावर उतरवून द्यायला सांगितलं. तो कागद त्यांच्या ट्रंकेत आहे.

आता एक मागणं. अकरा महिन्यांचा करार दिवाळीनंतर पुन्हा करायचा आहे. आजूबाजूच्या इमारती पुनर्विकासाला गेल्यात, भाडी चढलीत, घरमालक काय म्हणतील सांगता येत नाही. खोलीसाठी पैसे देणारे मिळतात, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. मंगळवारी येणाऱ्या माणसाच्या पगाराला मात्र कुणी हात पुढे करत नाही. हे पत्र पैसे देणाऱ्यांपैकी कुणी वाचत असेल, तर त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: भाडं भरा, पण तो पगारही भरा. दर वर्षी माणूस बदलला तर आम्ही दर वर्षी पुन्हा फरशीवर झोपू.

आणि ताई, तुमच्या जागी जे कुणी येतील त्यांना जायच्या आधी एकदा भेटा. तुमच्या वहीत आमची औषधं, भाड्याच्या पावत्या, डॉक्टरांच्या तारखा सगळं असेल. पिशवीची गोष्ट त्यात नसणार. तेवढी तोंडी सांगा.

पिशवी एका कोपऱ्यात उसवली होती. मी काल शिवली. निळा दोरा कुठे मिळाला नाही, पांढराच घातलाय. मंगळवारी दाखवतो.

आपला,
काका (जुळारी)