अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही म्हणून बंद केलेल्या तक्रारीबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(तुमचं नाव, हुद्दा आणि संपर्क वेबसाइटवर ठळक द्यावा, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. मला कुठेच सापडलं नाही. तेव्हा ‘अधिकारी’ एवढ्यावर भागवून घ्या.)

विषय: तुमच्या ॲपवरून घेतलेलं पग (चपट्या नाकाच्या जातीचं कुत्र्याचं) पिल्लू, मादी, ‘व्हेरिफाइड ब्रीडर’, १८,००० रुपये, डिलिव्हरीचे १,५०० वेगळे

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला. तो शेवटचा. यापुढे जे काय ते लेखी.

तुमचा माल कसा आहे हे मी तुम्हाला सांगायला नको, म्हणून थोडक्यात. पिल्लू टॅक्सीने नाशिकला आलं. मुलीने नाव ठेवलं गोटी. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, रात्रीपासून रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी टेस्ट केली, पार्वो निघाला, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. सलाईन लावलं, इंजेक्शनं झाली, गोटी गेली. बिलं आणि रिपोर्ट मी तुमच्या ॲपवर अपलोड केले, तुमच्या ॲपने ‘थँक यू’ म्हटलं आणि तक्रार बंद केली.

आता आजच्या फोनबद्दल. हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमचे कॉल ‘क्वालिटी’साठी रेकॉर्ड होतात म्हणे. ऐका एकदा.

मुलगा नम्र होता. आधी ऑर्डर आयडी विचारला. मग म्हणाला, "मॅडम, सिस्टीमला तुमचं टिकट रिझॉल्व्ह्ड दिसतंय." मी म्हटलं, पिल्लू मेलंय, रिझॉल्व्ह काय झालं? "एक मिनिट होल्डवर ठेवू का मॅडम?" होल्डवर तुमच्या जाहिरातीची धून, आणि दर थोड्या वेळाने एक पिल्लू भुंकतं. ही कल्पना ज्याची असेल त्याला माझा नमस्कार सांगा. फोन स्पीकरवर होता आणि माझी मुलगी शेजारी बसली होती.

मुलगा परत आला. "मॅडम, डॅमेज क्लेमसाठी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ लागतो. आहे का तुमच्याकडे?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "कशाचा व्हिडिओ?"

"पार्सल उघडतानाचा. आधी सील दिसलं पाहिजे, मग उघडताना, मध्ये कट नको."

मी विचारलं, "अरे बाबा, आपण कशाबद्दल बोलतोय ते तुला कळतंय ना?" तो म्हणाला, "हो मॅडम. पग, फॉन कलर, फीमेल."

बरोबर आहे. पग, फॉन कलर, फीमेल.

मग त्याने मला समजावून सांगितलं की व्हिडिओ नसेल तर डॅमेज ट्रान्झिटमध्ये झालं की कस्टमर एंडला झालं, हे व्हेरिफाय करता येत नाही. मी म्हटलं, डॉक्टरांचा रिपोर्ट आहे. तर म्हणे, तो रिपोर्ट तुमच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांचा नाही. मग नाशिकमध्ये तुमच्या पॅनेलवर कोण आहे? "नाशिकला सध्या ती सर्व्हिस नाही मॅडम." म्हणजे पिल्लू नाशिकला पोचवता येतं, डॉक्टर मात्र नाही. शेवटी, वरिष्ठांशी बोलून, माझ्यावर उपकार म्हणून त्याने सांगितलं, "गुडविल म्हणून रिप्लेसमेंट देऊ शकतो. सेम ब्रीडर, सेम कलर, तीन दिवसांत. फक्त डिलिव्हरी चार्ज परत भरावा लागेल."

माझी मुलगी उठून आत गेली.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर मिक्सरचं भांडं आणि जिवंत पिल्लू यांना एकच रकाना आहे. तो रकाना आखणाऱ्यांना हे पत्र आहे.

तुमची हेल्थ गॅरंटी ७२ तासांची आहे. पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. पिल्लं विकणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना हे ठाऊक नसेल असं मी म्हटलं तर तो तुमचा अपमान होईल. मग हे ७२ तास काय बघून ठरवले? पिल्लू तुमच्या ब्रीडरकडूनच आजार घेऊन निघतं, आमच्याकडे पोचतं, दोन-तीन दिवस बागडतं, आणि तुमची गॅरंटी संपली की आडवं होतं. एवढी अचूक वेळ एसटीलाही साधत नाही.

आणि ते रिप्लेसमेंट. पार्वोचा विषाणू फरशीच्या फटीत, गादीत, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. साबणाने, फिनेलने मरत नाही, ब्लीचच्या पाण्याने पुसून काढावं लागतं. डॉक्टरांनी बजावलंय की लशी पूर्ण न झालेलं पिल्लू इतक्यात या घरात आणायचं नाही. तुम्ही तीन दिवसांत दुसरं पाठवायला निघालात. ते गेलं असतं की तिसरं? दर खेपेला १,५०० रुपये?

आता लसीचं कार्ड. त्यावर वय ६० दिवस, दोन स्टिकर आणि एक सही आहे. सहीखाली डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. आमच्या डॉक्टरांनी गोटीचं तोंड उघडून बघितलं. दुधाचे मागचे दात अजून फुटले नव्हते. त्यांच्या अंदाजाने जेमतेम पाच आठवडे. पार्वोची पहिली लस देतात ती सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे दोन डोस झाले म्हणजे पहिला आईच्या पोटात असतानाच दिला का?

आईवरून आठवलं. मी तिला बघून आले.

तुम्ही ब्रीडरचा पत्ता देत नाही, ‘प्रायव्हसी’ म्हणून. टॅक्सीवाल्याने दिला. पुणे जिल्ह्यात, हायवे सोडून बरंच आत, पोल्ट्रीची जुनी पत्र्याची शेड आहे. एप्रिलची दुपार होती. दारातच डोळे चुरचुरले, मुताचा इतका वास. आत तारेच्या जाळीचे पिंजरे दुमजली ठेवलेले. तळालाही जाळीच, म्हणजे घाण आपोआप खाली पडते, झाडायला नको. वरच्याची घाण खालच्याच्या अंगावर. पाणी रंगाच्या डब्यात, कडेने शेवाळ धरलेलं. खायला कोंबडीची मुंडकी आणि पाय भातात शिजवलेले.

गोटीची आई खालच्या ओळीत होती. जाळीवर उभं राहून राहून तिच्या पंजाची बोटं फाकली होती. नखं वळून पंजाच्या गाद्यांत रुतायला आली होती. कानांच्या पाळ्यांत गोचिडांची रांग. सड लोंबत होते, आणि पोटावर टाक्यांचा व्रण, वाकडातिकडा, एका टोकाला अजून ओला. पगला धाप टाकूनच अंग थंड ठेवता येतं, आणि नाक दाबलेलं असल्यामुळे तेही धड जमत नाही. त्या पत्र्याखाली ती मान वर ताणून श्वास ओढत होती आणि घशातून घरघर येत होती. मला बघून तिने जाळीला तोंड लावलं.

तिथल्या कामगाराला विचारलं, हिचं कितवं वेत? "सातवं, नायतर आठवं. मालकाला विचारा." दर माजाला लावता? "मग काय बसवून खायला घालायचं?" आणि सिझर कोण करतं? "दवाखान्यातला कंपाउंडर येतो की."

तुमच्या वेबसाइटवर या ब्रीडरच्या नावापुढे हिरवी खूण आहे. कशाची, ते कळवा. तिथे हिरवळीवर लोळणारी पिल्लं आणि त्यांची आई यांचा फोटोही आहे. तोच फोटो आणखी दोन ब्रीडरांच्या पानावर आहे. हिरवळ तरी वेगळी घ्यायची.

पूर्वी पिल्लू आणायला माणूस जायचा, तेव्हा आई दिसायची, जागा दिसायची. तुमची होम डिलिव्हरी ही गिऱ्हाइकाची सोय नाहीच. आई दिसू नये याची सोय आहे, आणि तिचे तुम्ही १,५०० रुपये घेता. केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरचे पैसे वेगळे. त्या कागदावरून वंशावळ कळते, आई कुठे झोपते ते कळत नाही. ‘पंच फेस’चे, म्हणजे जास्त दबलेल्या नाकाचे, आणखी ३,००० वेगळे. २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला तेव्हापासून घरोघरी पग हवा झाला, आणि तुम्ही लोकांनी हिशेब बसवला: नाक जितकं आत, तितका भाव वर. श्वास कुत्र्याचा जातो, तुमचं काय जातंय?

कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ सालीच आलेत. तुमच्या कायदा विभागाने वाचले असतीलच. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मादी दीड वर्षाची होईपर्यंत लावायची नाही, आठ वर्षांनंतर लावायची नाही, वर्षाला एकाहून जास्त वेत नाही आणि जन्मभरात पाचाहून जास्त नाहीत. सातवं नायतर आठवं हे यातल्या कुठल्या रकान्यात बसतं? तुमच्याच वेबसाइटवर आजही ‘४५ दिवसांचं पिल्लू’ अशा जाहिराती उघड लागलेल्या आहेत. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. एवढं गणित येणारा माणूस कंपनीत असेल.

तुम्ही निर्धास्त का आहात तेही मला समजतं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे १० ते ५० रुपये. तुमच्या डिलिव्हरी चार्जमध्ये असे तीस ब्रीडर सुटतील, तेही सगळ्यांनी जास्तीत जास्त दंड भरला तर.

"आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, विक्रेता वेगळा," हे तुमच्या आधीच्या प्रतिनिधीचं वाक्य होतं. पैसे तुमच्या खात्यात गेले. बिलावर तुमचं नाव आहे. ज्या क्रेटमधून पिल्लू आलं, त्यावर तुमचा लोगो आहे. विक्रेत्याचं नाव-पत्ता गिऱ्हाइकाला दाखवणं २०२० च्या नियमांनी तुमच्यावर बंधनकारक आहे आणि तुम्ही तो लपवता. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्याच नियमांत आहे. निवारण म्हणजे टिकट बंद करणं नव्हे. आणि व्हिडिओ मागणं तर नव्हेच. मेलेल्या पिल्लाचा अनबॉक्सिंग व्हिडिओ! अजून माझ्या कानातून जात नाही ते.

मला रिप्लेसमेंट नको. पिल्लाचे, डिलिव्हरीचे आणि दवाखान्याचे पैसे परत हवेत. त्या ब्रीडरचा नोंदणी क्रमांक लेखी हवा. नसेल तर ‘नाही’ असं लेखी हवं, आणि त्याच्या सगळ्या जाहिराती उतरलेल्या दिसायला हव्यात. महिन्याभरात हे झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, आणि मी बँकेत नोकरी केलेली बाई आहे, कागद कसे लावायचे ते मला कळतं. शेडचे फोटो आणि कामगाराच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग राज्य प्राणी कल्याण मंडळाला आणि पुण्याच्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला वेगळं पाठवते आहे. त्यासाठी तुमच्या उत्तराची वाट बघणार नाही.

पैशांना महिना लागला तर लागू दे. एक काम मात्र आजच्या आज करा. गोटीच्या वेतातली चार पिल्लं तुमच्याच ॲपवरून विकली गेली, हे तिथल्या कामगाराने सांगितलं. कुणाकडे गेली ते तुमच्या सिस्टीमला आहे. त्या घरांना फोन करून पार्वोची टेस्ट करून घ्यायला सांगा, कार्डावरच्या लशीवर विसंबू नका म्हणावं. त्यांचे ७२ तास संपले असतील, तरीही.

एक ग्राहक,
नाशिक