भाकरीला वेळ लागतो

महोदय,

माझी ३२ वर्षं बेळगाव-खानापूर मार्गावर कंडक्टरकीत गेली. दुपारचं जेवण खानावळीतच. म्हणून गेल्या रविवारी शहापुरातल्या एका खानावळीत घडलेला प्रकार जिव्हारी लागला. भाकरीला दहा मिनिटं उशीर झाला, तर एका तरुणाने ताट ढकललं, आचाऱ्याला बाहेर बोलावून सगळ्यांदेखत अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात झापलं आणि मोबाइलवर एकच चांदणी देऊन मोकळा झाला.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, हे त्याला कोण सांगणार? उकळतं पाणी घालून मळायचं आणि लगेच थापायचं; पीठ थांबलं की कडा फाटतात. हात धुवायच्या निमित्ताने मी आत डोकावलो. वर पत्रा, दोन भट्ट्या, तव्याशेजारीच रश्शाचं पातेलं. आचारी साठीकडे झुकलेला, बोटांवर चटक्यांचे डाग. पहाटे पाचला कांदा-खोबरं भाजायला उभा राहतो म्हणाला. बसायला स्टूलसुद्धा नाही.

पाहुणे आले की आपण बेळगावचा कुंदा मिरवतो. दूध आटवताना ज्याचा खांदा भरून येतो, त्याचं नाव तरी ठाऊक असतं का आपल्याला? (या आचाऱ्याचं मलाही नव्हतं, इतकी वर्षं जेवून!)

मालकांनी निदान एक्झॉस्ट पंखा आणि एक स्टूल द्यावा. गिऱ्हाइकांनी भाकरी येईपर्यंत कांदा-लिंबू खात बसावं. मी तेच करतो.

– एक निवृत्त कंडक्टर, वडगाव, बेळगाव