बायबल क्लासमधे पगाराची स्लिप आणली तर काय बिघडलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

५ एप्रिलला पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन झाला, तुमच्या पेपरात त्यांच्यावर छोटा लेख आला होता तो वाचला, चांगला होता, पण बायबलचं भाषांतर त्यात एका ओळीत उरकलंय आणि माझ्या डोक्यात गेले काही महिने नेमकं तेच घोळतंय म्हणून लिहिते.

मी रिटायर्ड शिक्षिका, नगरला राहते, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, बावीस वर्षं संडे स्कूल घेते. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बायबल क्लास असतो, बारा-पंधरा जण, जास्त करून बायकाच. मागच्या पावसाळ्यात आम्ही बायबलमधलं मीखा संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होतो. सहाव्या अध्यायातलं आठवं वचन तर पोरांनाही पाठ असतं, "नीतीने वागणे, आवडीने दया करणे व आपल्या देवासमोर राहून नम्रभावाने चालणे". आमच्यातल्या एक मावशी कंत्राटदाराकडे रस्ते झाडायच्या कामाला आहेत, अकरा वर्षं झाली. वचन वाचून झालं तसा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, मी तर नीतीनंच वागते, कुणाचं काय घेतलं नाय. मग माझ्या पीएफचे पैसे ज्यानं भरले नाय त्याला हे वचन कोण वाचून दाखवणार?"

बावीस वर्षं शिकवतेय पण मला उत्तर देता आलं नाही. आमच्याच मंडळीतला एक पोरगा पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात, शिकतो, तो सुट्टीला आला होता, तो म्हणाला की मूळ हिब्रूत इथे मिशपात शब्द आहे, म्हणजे न्याय, निवाडा, आणि आमोस नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात ५:२४ मधे न्याय पाण्यासारखा वाहू द्या असं म्हटलंय तिथेही हाच शब्द आहे. त्या काळी गावच्या वेशीत वडीलधारे बसायचे आणि गरिबाची तक्रार तिथे ऐकली जायची, म्हणून आमोस वेशीतल्या न्यायाबद्दल एवढा चिडून बोलतो. म्हणजे बघा, आम्ही "नीतीने वागणे" वाचून इतकी वर्षं काय समजत आलो, तर खोटं बोलू नका, दारू पिऊ नका, शेजाऱ्याशी भांडू नका. ते बरोबरच आहे पण देव त्याच्याहून जास्त मागतोय हे एका शब्दानं कळलं.

पुढच्या बुधवारी मावशी बायबलच्या पानात पगाराच्या स्लिपा घालून घेऊन आल्या. स्लिपवर दर महिन्याला पीएफ कापलेला. त्या पोरानं मोबाईलवर सरकारचं उमंग ॲप उघडून यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर टाकला, पासबुक निघालं, तर चौदा महिन्यांत एक रुपया जमा नाही. सगळे गप्प. मग आम्ही प्रार्थना केली आणि तिथेच बसून पीएफ ऑफिसला द्यायचा अर्ज लिहिला, मावशींच्या बरोबरीच्या अजून सहा जणींच्या सह्या घेतल्या. अजून उत्तर आलेलं नाही, दोन चकरा झाल्यात, तिसरी मारणार.

पण खरं दुःख वेगळंय. मंडळीतले काही वडीलधारे म्हणाले की क्लास आत्मिक वाढीसाठी आहे, तिथे हे कामगारांचे विषय आणून राजकारण करू नका. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, माझ्या लहानपणापासून बघते मी त्यांना. पण ज्या मावशी पाच वर्षं कोपऱ्यात बसून फक्त आमेन म्हणायच्या त्या आता स्वतः मोठ्यानं प्रार्थना करतात, घरी पुढचा अध्याय वाचून येतात, न समजलेल्या शब्दाला पेन्सिलनं खूण करून आणतात, ही जर आत्मिक वाढ नाही तर मग कशाला म्हणायचं? उज्जीवन सभांना, म्हणजे श्रद्धा जागवायच्या मोठ्या प्रार्थनासभांना, मीही जाते, उपवास प्रार्थनाही करते, त्यातून बळ मिळतंच, पण तिथे मावशीला प्रश्न विचारता येत नाही.

रमाबाईंनी भक्ती आणि असली कामं वेगळी ठेवलीच नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन हा बायकांचा आश्रम उभा केला, आणि त्याच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल करत बसल्या, मरेपर्यंत. ते छापलंही मुक्तीतल्या बायकांनीच, १९२४ ला, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी. आणि १८९७ ला पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारी हॉस्पिटलात बायकांना जी वागणूक मिळत होती त्यावर त्यांनी बाँबे गार्डियन पेपरला पत्र लिहिलं तर त्यावरून विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. तेव्हा पेपरला पत्र लिहिणं हेही भक्तीच्या बाहेरचं नाही असं मी धरून चालते.

वसईत फादर दिब्रिटोंनीही तेच केलं, एकीकडे सुवार्ता मासिक, एकीकडे पर्यावरणासाठी हरित वसईची चळवळ, आणि बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर.

आता शिकायच्या सोयी नाहीत असं नाही. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ ला यवतमाळहून तिकडे आली, रामवाडीला कॅथलिकांचं ज्ञानदीप आहे. पण शिकवणं इंग्रजीत, आणि तिथे जाणार पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होणारे किंवा फादर-सिस्टर होणारे. दिवसभर झाडू मारून येणाऱ्या बाईला त्यातलं काय मिळतं? अरविंद निर्मल यांनी १९८१ ला बंगळुरूच्या थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र थिऑलॉजीवर भाषण केलं, दलित थिऑलॉजीची, म्हणजे दलितांच्या बाजूनं मांडलेल्या ख्रिस्ती धर्मशास्त्राची, सुरुवात तिथून धरतात, आणि आमच्या मंडळीत, जिथे बहुतेकांचे आजे-पणजे महारवाड्यातून आले, तिथे कुणी त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं, मीसुद्धा त्या पोराकडून ऐकलं. अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला एससीचा दाखला मिळत नाही, शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला त्यात घेतलं, हे तरी आमच्या बारावीच्या पोरींना कोण समजावून सांगणार? दाखल्याच्या खिडकीवर गेल्यावरच कळतं त्यांना.

माझी विनंती एवढीच की सेमिनरीतली पोरं शनिवार-रविवार मंडळ्यांमधे सेवेला जातात त्यांनी उपदेशाबरोबर एक तास मराठीतून असा क्लास घ्यावा, आधी वचन, शब्दाचा अर्थ, आणि मग ज्याला जे विचारायचंय ते, स्लिप असो, दाखला असो, रेशनकार्ड असो. पाळकसाहेबांनी याला नाही म्हणू नये. आणि तुमच्या पेपरात नाताळला केक आणि रोषणाईचे फोटो येतात ते येऊ द्या, आम्हालाही आवडतात, पण वर्षातून चार-सहा वेळा अशा क्लासबद्दलही लिहा, बाकीच्या गावांत कुणी असं करत असेल तर आम्हाला कळेल तरी.

येत्या बुधवारी आम्ही याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घेतोय. त्यात शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे असं चौथं वचन आहे. ते मावशीच वाचणार आहेत, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

आपली,
मंडळीतली एक सभासद, अहिल्यानगर